जंगलात अडकलो तर किडे खाऊन जगता येईल का?

प्रश्न मोठा होता, त्याचा गाभा असा: पावसाळ्यात सह्याद्रीत वाट चुकलो, सॅकमधलं खाणं संपलं, मदत कधी येईल ठाऊक नाही. अशा वेळी किडे खाऊन तग धरता येतो का? येत असेल तर कोणते खायचे, कच्चे चालतात का, आणि विषारी कसे ओळखायचे?

डोंगरात हरवलेल्यांना शोधायला जाणाऱ्या पथकांबरोबर मी बरीच वर्षं फिरतोय, जंगलात राहण्याचं प्रशिक्षणही देतो. गडचिरोली आणि बस्तरकडे लाल मुंग्या ज्यांच्या नेहमीच्या जेवणात असतात, त्यांच्या पंगतीला बसून त्या खाल्ल्याही आहेत. त्या अनुभवावरून सांगतो. किडे खाऊन माणूस जगू शकतो, यात शंका नाही. पण एकेक किडा वेचून कोणी जगत नाही. एका जागी ढिगानं सापडणारे आणि तुम्हाला नावानिशी ओळखता येणारे किडे, तेवढेच कामाचे. बाकीच्यांच्या मागे लागलात तर अंगातली ताकद जाईल, आणि एखाद्या वेळी जीवही.

आधी भुकेचं बोलू. सह्याद्रीत हरवलेला माणूस बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत सापडतो. सापडत नाही तो भुकेनं गेलेला नसतो. तो कड्यावरून पडलेला असतो, ओढ्याच्या लोंढ्यात सापडलेला असतो किंवा रात्रभर पावसात भिजून गारठलेला असतो. माणसाच्या अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. सडपातळ माणसाच्याही अंगावर अशी काही किलो चरबी असतेच. पाणी मिळत असेल तर धडधाकट माणूस अन्नाशिवाय काही आठवडे काढू शकतो. म्हणून पहिले तीन दिवस किड्यांचा विचारही करू नका. आडोसा शोधा, अंग कोरडं ठेवा, पाणी मिळवा, रेंज असेल तिथून ११२ लावा आणि मग एका जागी बसा. दुसऱ्या दिवशी भूक सगळ्यात जास्त छळते, पोटात कळा येतात, चिडचिड होते. त्याच तिरमिरीत माणूस उठतो, काहीतरी खायला शोधायला निघतो आणि आणखी खोल दरीत उतरतो. शोध घेणाऱ्यांचं काम तिथंच अवघड होऊन बसतं.

आता हिशेब मांडतो, कारण किड्यांच्या बाबतीत सगळं काही हिशेबावर ठरतं. पूर्ण वाढलेला रातकिडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. असे दोनशे रातकिडे पकडले तर १०० ग्रॅम होतात. त्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि १४० किलोकॅलरी मिळतात. एका मध्यम भाकरीपेक्षाही हे कमी आहे. दिवसाची २,००० किलोकॅलरीची गरज रातकिड्यांवर भागवायची म्हटली तर अडीच-तीन हजार रातकिडे लागतील. गवतात वाकून, उड्या मारणाऱ्या किड्याच्या मागे धावून तासाभरात किती मिळतात ते एकदा घरामागच्या मैदानात करून बघा. मी प्रशिक्षणात हे मुद्दाम करायला लावतो. मुलं घामाघूम होतात आणि मूठभर नाकतोडे घेऊन परत येतात. धावण्यात खर्च झालेली ताकद त्या मुठीतून भरून येत नाही.

हाच हिशेब उलटा कसा फिरतो, ते अमेरिकेतल्या युटा राज्यात दिसतं. तिथं ग्रेट सॉल्ट लेक नावाचं खारं सरोवर आहे. टोळांच्या झुंडी उडता उडता त्यात पडतात, खाऱ्या पाण्यात मरतात, लाटांबरोबर काठाला लागतात आणि उन्हात वाळून त्यांच्या लांबच लांब राशी तयार होतात. सरोवराच्या पश्चिमेला लेकसाइड केव्ह नावाची गुहा आहे. तिच्यात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या वस्तीच्या थरांत टोळांचे लाखो तुकडे सापडले, वाळलेल्या मानवी विष्ठेतही सापडले. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड मॅडसेन यांनी १९८०च्या दशकात काठावरच्या अशाच राशी प्रत्यक्ष गोळा करून पाहिल्या. एका माणसाला तासाभरात सरासरी ९० किलोच्या आसपास वाळलेले, खारवलेले टोळ मिळाले. शिकार करून किंवा कंदमुळं खणून त्या वेळात इतकं अन्न हाती लागणं शक्यच नाही. तिथल्या लोकांना किड्यांची चटक होती म्हणून ते खात नव्हते. कोणत्या महिन्यात कोणत्या काठाला रास लागते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

जगभर किडे खाणारी माणसं असंच वागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ साली दिलेल्या अहवालात माणूस खात असलेल्या किड्यांच्या १,९००हून जास्त जाती नोंदवल्या आहेत. भारतातही अडीचशेच्या आसपास जातींची नोंद आहे, त्यातला मोठा वाटा ईशान्येकडचा. पण एखाद्या गावात गेलात तर तिथले लोक यातल्या चार-दोनच जाती खाताना दिसतील. त्यांचा महिना ठरलेला, झाड ठरलेलं, स्वच्छ करायची पद्धत ठरलेली. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे मोपेन नावाच्या झाडावरच्या अळ्या खातात. त्या आधी दाबून पोट रिकामं करतात, मिठाच्या पाण्यात उकडतात आणि वाळवून वर्षभर वापरतात. उकडणं आणि पोट रिकामं करणं यामागं पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. आपण ते ज्ञान न घेता नुसता किडा उचलायला जातो, तिथं घात होतो.

मग महाराष्ट्रात काय? मी तीन गोष्टी शिकवतो: लाल मुंग्या, वाळवी आणि नाकतोडे. आणि चौथी म्हणून लाकडातल्या अळ्या.

लाल मुंग्या म्हणजे आंबा, काजू, फणस, ऐन अशा झाडांवर पानं शिवून घरटं करतात त्या. कोकणात त्यांना ओंबील म्हणतात. झाडावर चढताना कोकणातल्या प्रत्येकाला त्या कधी ना कधी चावलेल्या असतात. गडचिरोलीतले माडिया आणि बस्तरचे गोंड त्यांची चटणी करतात. बस्तरच्या आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात या मुंग्या अंड्यांसकट विकायला असतात, तिला तिथं चापडा म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या याच मुंग्यांच्या चटणीला २०२४च्या जानेवारीत सिमिलिपाल काई चटणी या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं.

या मुंग्या मला पहिल्या क्रमांकावर ठेवाव्याशा वाटतात, कारण त्या ओळखण्यात चूक होत नाही. पानं पांढऱ्या रेशमी धाग्यानं एकमेकांना चिकटवलेली, चेंडूसारखी घरटी, एका झाडावर अशी अनेक. हात लावला की लाल-नारिंगी, लांब पायांच्या मुंग्या पोट वर उचलून अंगावर येतात. त्यांना नांगी नसते. त्या चावतात आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात, म्हणून आग होते. आत पांढऱ्या अळ्या आणि कोष असतात, त्यांनाच लोक अंडी म्हणतात. खरं पोषण त्यांच्यात आहे. होळीपासून पाऊस लागेपर्यंत ही अंडी भरपूर आणि मोठी असतात.

घरटं काढायचं ते पहाटे, गारव्यात. तेव्हा मुंग्या मंद असतात. हाताला लागेल अशा उंचीवरचंच निवडा, झाडावर चढू नका. पँट मोज्यात खोचा, डोळे झाका, कारण आम्ल डोळ्यात उडालं तर वाईट अवस्था होते. फांदी कोयत्यानं किंवा चाकूनं कापायची आणि घरटं थेट प्लास्टिकच्या पिशवीत किंवा भांड्यात पाडून तोंड बंद करायचं. मग ते जोरात आपटायचं, म्हणजे पानं फाटून सगळा ऐवज तळाशी येतो. भांडं निखाऱ्यावर धरलं की मुंग्या लगेच मरतात. पानं काढून टाकली की उरलेलं भाजून घ्यायचं. चव आंबट, लिंबू पिळल्यासारखी. अंडी मात्र लुसलुशीत आणि जवळजवळ गोडसर. मीठ आणि मिरची जवळ असेल तर दगडावर वाटून घ्या. गावात कित्येक ठिकाणी ही चटणी कच्चीच वाटतात. म्हणून आग पेटतच नसेल तर ज्यांच्याकडे मी बोट दाखवीन त्यांत या मुंग्या पहिल्या.

दुसरी वाळवी. पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पंखवाल्या वाळवीचा जो पाऊस पडतो, तो आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलेला आहे. नवी वारुळं वसवायला निघालेले हे नर-मादी. वारूळ सोडल्यावर बरेच दिवस त्यांना खायला मिळणार नसतं, म्हणून त्यांच्या अंगात चरबी ठासून भरलेली असते. जंगलात अडकलेल्या माणसाला प्रथिनांपेक्षा चरबी जास्त हवी असते, म्हणून मी पंखवाल्या वाळवीला नाकतोड्यांच्या वर ठेवतो. तमिळनाडूतले इरुळा लोक ही वाळवी पकडण्यात वाकबगार आहेत. वारुळाच्या तोंडाशी दिवा लावून ते तिला बाहेर काढतात.

आपण टॉर्च वापरायचा. खाली पसरट भांड्यात पाणी ठेवायचं, वर टॉर्च टांगायचा. वाळवी उजेडाकडे येते, पाण्यात पडते आणि पंख भिजल्यामुळे उडू शकत नाही. पाणी गाळून वाळवी तव्यावर तेल न घालता हलवत भाजायची. तिचीच चरबी सुटते आणि शेंगदाणे भाजल्यासारखा वास येतो. पंख सुटे होतात, ते फुंकून किंवा पाखडून टाकायचे. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. अडचण एकच, असा योग मेअखेरीपासून जूनपर्यंतच्या मोजक्या संध्याकाळींनाच येतो. बाकी वर्षभर वारुळातली कामकरी वाळवी मिळते, पण वारुळात हात घालू नका. तिथं नाग किंवा दुसरा साप असू शकतो. झाडाच्या बुंध्यावर मातीचा जो लेप चढलेला असतो, तो काठीनं खरवडून वाळवी झाडायची. मिळकत थोडी असते, पण धोका जवळजवळ नसतो.

नाकतोडे भाद्रपद ते कार्तिकात, गवत वाढल्यावर मुबलक असतात. ते पकडायची एकच शहाणी वेळ आहे, सूर्य उगवण्याआधीची. दवानं अंग जड झालेलं असतं, थंडीनं पाय आखडलेले असतात. गवताच्या काडीवर बसलेला नाकतोडा तेव्हा बोटांनी फुल खुडावा तसा उचलता येतो. तोच दोन तासांनी हाताला लागत नाही.

साफ करायची पद्धत नीट लक्षात ठेवा. डाव्या हाताच्या चिमटीत छाती धरायची, उजव्या हातानं डोकं हलकेच पिळून मागे ओढायचं. डोक्याबरोबर काळपट हिरवी आतड्याची दोरी अख्खी बाहेर येते. ती तुटली तर पोट दाबून उरलेलं काढा. मग पंख आणि मागचे मोठे पाय तोडायचे. मागच्या पायांवर करवतीसारखे काटे असतात. पाय न काढता भरपूर टोळ खाल्ल्यामुळं आतड्यात गोळा अडकून माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आफ्रिकेत आहेत. २०१२ साली फ्लोरिडात झुरळं आणि अळ्या खाण्याच्या पैजेत एक माणूस मेला, तो विषानं नव्हे, किड्यांचे तुकडे श्वासनलिकेत अडकून गुदमरला. घाईनं कच्चे, अख्खे किडे कोंबायचे नाहीत. साफ केलेले नाकतोडे बांबूच्या काडीत ओवून निखाऱ्यावर धरायचे. मोडताना कटकन आवाज आला आणि आतून ओलसर राहिलं नाही की झाले.

लाकडातल्या अळ्यांबद्दल थोडक्यात. कुजक्या ओंडक्यात, शिंदीच्या किंवा भेरली माडाच्या पडलेल्या खोडात पांढऱ्या-पिवळट, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या सापडतात. लाकूड पोखरून आत राहणारी, बिनकेसाची अळी सहसा त्रास देत नाही. पण भाजण्याआधी मागचा काळसर भाग कापून टाका, त्यात माती आणि लाकडाचा भुगा भरलेला असतो. कुऱ्हाडीशिवाय ओंडका फोडत बसणं मात्र परवडत नाही. हातानं मोडेल इतकं कुजलेलं लाकूडच बघा.

आता काय खायचं नाही, ते. परदेशी सैन्याच्या पुस्तिकांमध्ये एक नियम असतो: केसाळ, भडक रंगाचं आणि उग्र वासाचं काही खाऊ नका. नियम चांगला आहे, पण अपुरा. लाल मुंग्या भडक असूनही खाल्ल्या जातात, आणि साध्या दिसणाऱ्या काही गोष्टी घातक असतात. आपल्याकडच्या नेमक्या गोष्टी सांगतो.

रुईच्या झुडपावर पिवळा, निळ्या-हिरव्या पट्ट्यांचा मोठा नाकतोडा असतो. संथ, धष्टपुष्ट, पकडायला अगदी सोपा. उपाशी माणसाच्या नजरेत तोच आधी भरतो. तो रुईचा चीक पचवून त्यातलं हृदयावर परिणाम करणारं विष अंगात साठवतो, आणि डिवचलं तर पातळ विषारी द्रव उडवतो. पकडायला सोपा आहे, कारण त्याला पळायची गरजच पडत नाही. रुईवरचं काहीही, मग तो नाकतोडा असो की पट्टेदार अळी, तोंडात घालू नका.

बाजरीच्या कणसांवर, तुरीच्या आणि भेंडीच्या फुलांवर येणारे हिंगे नावाचे भुंगेरे शेतकऱ्यांना माहीत आहेत. काळ्या अंगावर नारिंगी पट्ट्यांची जात सगळ्यात जास्त दिसते. त्यांच्या अंगात कँथरिडिन नावाचं विष असतं. त्वचेला लागलं तर फोड येतात. पोटात गेलं तर आतडी आणि मूत्रपिंडं सोलून निघतात, आणि थोड्या मात्रेतही माणूस दगावतो. भाजून ते नाहीसं होत नाही. अमेरिकेत वाळल्या चाऱ्यात मेलेले असे भुंगेरे राहून गेले तर तो चारा खाऊन घोडे मरतात.

काजवे विशेष म्हणून सांगतो, कारण पावसाच्या तोंडावर भंडारदरा, राजमाचीच्या बाजूला झाडंच्या झाडं त्यांनी लगडतात, म्हणजे ढिगाची अट पूर्ण होते. पण काजव्यांच्या काही अमेरिकी जातींत हृदयावर परिणाम करणारी विषं असतात, आणि ते खाऊन पाळलेले सरडे काही तासांत मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या काजव्यांवर प्रयोग करायचं कारण नाही. पावसात वाटेवर रांगणारे वाणी, म्हणजे पैसा किडे, हेही सोडा. ते अंगातून जळजळीत द्रव सोडतात, आणि त्यांच्या काही जाती सायनाइड तयार करतात. केसाळ सुरवंट, गांधीलमाशीचं पोळं, मेलेल्या जनावरावरच्या माश्या आणि अळ्या, गोचिडी, सगळं वर्ज्य. आग्या मोहोळाच्या वाटेला तर जाऊच नका. त्यातली पिल्लं पौष्टिक असतात हे खरं, पण धूर आणि पोशाख नसताना आग्या मोहोळ छेडणं म्हणजे मरण ओढवून घेणं. गडांवर दरवर्षी माणसं त्यात सापडतात.

गोगलगायी किडे नाहीत, तरी हा प्रश्न हमखास येतो. ऑस्ट्रेलियात सिडनीला २०१० साली एका तरुणानं मित्रांच्या आग्रहावरून बिनशंखाची कच्ची गोगलगाय गिळली. तिच्यात उंदरांच्या फुफ्फुसात वाढणाऱ्या कृमीची पिल्लं होती. ती मेंदूत गेली. तो वर्षाहून जास्त काळ कोमात होता, नंतर अंग लुळं पडलं आणि २०१८ मध्ये तो गेला. त्यामुळे गोगलगाय नाहीच.

शेतातल्या किड्यांना मी सरसकट नाही म्हणतो. वळवाच्या पावसात कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे रात्री हजारोंनी येतात, कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात शेतकरी फांद्या हलवून बादल्या भरतात. हुमणीसारखे भुंगेरे जगात इतरत्र खातात. पण ऊस, कापूस, भाजीपाला यांच्या जमिनीत आणि पानांवर काय काय ओतलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली. २०२०च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली, तेव्हा मला कित्येकांनी विचारलं की हे टोळ भाजून खाल्ले तर? टोळ खाण्यासारखाच असतो, पण त्या झुंडींवर कीटकनाशकं फवारलेली होती. शेताच्या बांधापासून लांब, जंगलातलंच घ्या. आणि खरं म्हणजे तुम्ही शेताजवळ असाल तर किडे कशाला शोधताय? बांधावरून चाललात की वस्ती लागेल.

आता एक गोष्ट जी प्रत्येकानं घरूनच तपासून निघावी. कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर तुमच्या अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर किडे तुमच्यासाठी नाहीत. कोळंबी आणि किडे लांबचे भाऊबंद आहेत, ज्या प्रथिनामुळं कोळंबीची ॲलर्जी होते ते किड्यांतही असतं. घरातल्या धुळीची ॲलर्जी असलेल्यांनाही याचा त्रास होऊ शकतो. जंगलात घसा सुजून श्वास अडकला तर इंजेक्शन द्यायला कोणी नसतं. भाजल्यानं जंतू आणि कृमी मरतात, ही ॲलर्जी जात नाही.

पाण्याबद्दलही तितकंच ठामपणे सांगतो. किडे म्हणजे बहुतांशी प्रथिनं. प्रथिनं पचल्यावर तयार होणारा युरिया लघवीवाटे टाकायला शरीराला पाणी लागतं. जवळ पाणी नसेल तर किडे खाल्ल्यानं तहान वाढेल आणि तुम्ही लवकर कोसळाल. पाणी नाही तर खाणं नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत एक माणूस सुमारे दहा आठवडे एकटा जगला. जळवा, बेडूक, नाकतोडे असं मिळेल ते त्यानं खाल्लं. तो जगला यात मोठा वाटा पाण्याच्या साठ्याजवळ मुक्काम टाकून राहण्याचा होता. आणि इतकं सगळं खाऊनही सापडला तेव्हा त्याचं वजन जवळपास निम्मं झालं होतं. सुट्या किड्यांवर माणूस किती टिकतो, याचा अंदाज यावरून घ्या.

पावसाळ्यातल्या सह्याद्रीपुरतं बोलायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये किडे हा फार चांगला पर्याय नसतो. पंखवाली वाळवी होऊन गेलेली असते, लाल मुंग्यांची अंडी कमी झालेली असतात, नाकतोडे अजून लहान असतात आणि आग पेटत नाही. त्या दिवसांत ठाकर आणि कातकरी माणसं रात्री ओहोळात खेकडे धरतात. एका खेकड्यात जे मिळतं ते मिळवायला भरपूर नाकतोडे वेचावे लागतील. पाणी घोट्याच्या वर असेल किंवा गढूळ येत असेल तर ओढ्यात उतरायचं नाही, आणि खेकडा कधीच कच्चा खायचा नाही. त्याच्यातला कृमी फुफ्फुसात जातो. आगीसाठी लायटर दुहेरी पिशवीत ठेवा, सोबत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवा. ओल्यातही ते धरतात. उन्हाळ्यात उलट काळजी घ्या, गवताला वणवा लागला तर सुटका नाही.

ज्यांनी आयुष्यात कधी मांसमच्छी खाल्ली नाही असेही विचारतात. त्यांना मी स्वच्छ सांगतो की चार-पाच दिवसांच्या संकटासाठी तुम्हाला तुमचा नियम मोडायची गरज नाही. सॅकमध्ये अर्धा किलो शेंगदाणे आणि गूळ कायमचा असू द्या, आणि त्याला फक्त हरवल्यावरच हात लावायचा असं ठरवा. त्यात अडीच हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात, आणि नाकतोड्यांमागे धावावं लागत नाही.

किडे खायची वेळ आलीच, तर पहिल्यांदा चमचाभर भाजलेले खा आणि काही तास थांबा. ओठ-जीभ बधिर होणं, जळजळ, मळमळ, अंगाला खाज, यातलं काही झालं तर पुन्हा त्या वाटेला जाऊ नका. ओळख पटलेल्या किड्यासाठीच ही पद्धत आहे. हिंग्यासारख्या विषात चमचाभरसुद्धा खूप होतो. हे सगळं पहिल्यांदा संकटातच करायला लागू नये असं वाटत असेल, तर उन्हाळ्यात बस्तर किंवा गडचिरोलीच्या बाजारात जा, मुंग्या आणणाऱ्या बाईंना विचारून त्यांच्याबरोबर एकदा जंगलात जा. त्या घरटं कसं निवडतात, किती ठेवतात आणि किती घेतात, ते प्रत्यक्ष बघा. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

आणि सुटका झाल्यावर दोन गोष्टी. आठवडाभर किंवा त्याहून जास्त उपाशी राहिला असाल तर सापडल्यावर पोटभर जेवू नका, सोडवणाऱ्यांनी प्रेमानं वाढलं तरी नाही. उपाशी शरीरात एकदम भात-साखर गेली की रक्तातले क्षार झपाट्यानं घसरतात आणि हृदय बंद पडू शकतं. डॉक्टर सांगतील तसं थोडं थोडं खा. दुसरं, काय काय खाल्लंत, कच्चं की भाजून, कोणत्या झाडावरचं, हे डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. आठ-पंधरा दिवसांनी ताप, मान आखडणं, खूप डोकं दुखणं किंवा लघवीतून रक्त असं काही दिसलं, तर पुन्हा जाऊन तेच सगळं सांगा. कृमींची लक्षणं दिसायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत घरच्यांना जंगलाचा आणि त्या तापाचा संबंध जोडता येत नाही.